दुसरा घोट

आबा, तुमचा नातू तुमच्या कारखान्यात जाऊन आला. माझा धाकटा मुलगा. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी तो झाला. नोकरीनिमित्त विलायतेत असतो. सुट्टीत बायकोला घेऊन स्कॉटलंडला फिरायला गेला आणि तिथूनच मला फोन लावला, की आई, आजोबांचा दारूचा कारखाना सापडला, अजून चालू आहे, थांब, तुला दाखवतो. हल्ली फोनमध्ये माणूस दिसतो, जागाही दिसते. मी इथे पनवेलजवळ सुकापूरच्या फ्लॅटमध्ये पोळ्या लाटता लाटता तुमचा कारखाना पाहिला. काळपट दगडाच्या भिंती, उंच धुराडं, आत शिरायला कमान, कमानीखाली घोडागाड्यांनी झिजलेली फरशी. तुम्ही सांगायचात तसंच सगळं. फक्त जिथे तुम्ही पिंपं घडवत होतात त्या शेडमध्ये आता कारखान्याचं चित्र छापलेले पेले आणि टॉवेल विकायला ठेवले आहेत. माल पोलादी पिंपांत भरतात. लाकडी पिंपं चार-सहा उरलीत ती शोभेला, आणि त्यातल्या एकात तर माती भरून फुलझाडं लावलीत. ते पाहून मला असा राग आला की मी म्हटलं, ठेव फोन, उगाच बिल वाढेल. तो हसला आणि म्हणाला, आई, याचं बिल येत नाही. मी तरीही ठेवला. तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलते आहे, आणि खरं सांगायचं तर भांडते आहे. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

तुम्ही मूळचे चाकं करणारे. तेव्हाचं पनवेल म्हणजे बैलगाडीच्या चाकांचं गाव. घाटावरून माणसं चाकं न्यायला यायची आणि सुतारआळीत सकाळपासून लाकूड तासणाऱ्या वाकसाचे घाव ऐकू यायचे. मला अजून दिसतं, मी उंबऱ्यात बसलेली आहे, अंगणात गोवऱ्यांच्या आगीत चाकावर चढवायची लोखंडी पट्टी, धाव, लालभडक झालेली आहे, तुम्ही आणि तुमचा जोडीदार चिमट्यांनी ती उचलून चाकावर चढवता आणि तुम्ही ओरडता, "पाणी घाल, पाणी!" मग वाफेचा लोट उठतो, लाकूड कुरकुरतं, धाव आवळत जाते आणि सगळे आरे आपापल्या जागी घट्ट बसतात. तुमच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान असायचं ते मला पुढे फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर दिसलं. याच कामामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांत तुम्हाला मुंबईच्या गोदीत बोलावणं आलं. गोऱ्या सोल्जरांसाठी बोटींतून पिंपंच्या पिंपं दारू यायची, आणि समुद्रावरच्या उन्हाने पिंपांची कडी ढिली होऊन ती गळायला लागायची. माल मागवणाऱ्या कंपनीच्या गोदामाला गोल लाकूड आणि तापलेलं लोखंड कळणारा माणूस हवा होता. कुणीतरी तुमचं नाव सांगितलं, आणि तुम्ही आठवडाभर मुंबईत आणि एक दिवस पनवेलला असे राहायला लागलात.

गळ्यात तुळशीची माळ आणि हातात दारूची पिंपं, म्हणून अख्खी आळी तुम्हाला हसायची. तुम्ही म्हणायचात, "मी पिंप बांधतो. आत काय भरतात ते माझं काम नाय." माळ तुम्ही माझ्या जन्माआधीच गावच्या वारकरी बुवांच्या हातून घातली होती, आणि तुम्ही घातलीत म्हणून आईनेही घातली. हे लिहायला सोपं आहे, पण आई उरणची होती. मावऱ्याशिवाय तिच्या माहेरी चूल पेटायची नाही. जवळा, बोंबील, मांदेली, खाडीची कोळंबी यांवर वाढलेली ती मुलगी तुमच्या एका शब्दावर वरणभात आणि भाजीवर आली. माहेरी गेली तरी सगळ्यांपासून लांब बसून दही-भात खायची, आणि तिची आई पदराने डोळे पुसायची. मी लहान असताना एकदा बाजारातून येताना कोळणीच्या पाटीपाशी आई उभी राहिली. घेणार काहीच नव्हती. नुसती उभी राहिली, पाटीत बघितलं, आणि "चल गो" म्हणून माझा हात ओढला. तुम्हाला हे ठाऊक नसेल. मला मात्र पुढे जे झालं ते समजून घेताना ती पाटी नेहमी आठवत राहिली.

लढाई संपली आणि गोदामातल्या साहेबाने तुम्हाला विचारलं, विलायतेला येतोस का. तो साहेब स्कॉटलंडचा, त्याच्या मामाचा तिकडे दारूचा जुना कारखाना. पिंपं घडवणारी त्यांची तरणी माणसं लढाईत गेली होती. उरलेले म्हातारे होते. तुमचं काम त्याने चार वर्षं पाहिलं होतं. म्हणाला, तू ये, भाड्याची सोय करतो, पगार इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. तुम्ही घरी येऊन सांगितलंत तेव्हा आई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तिकडं थंडी लई असते म्हनं. अन् खाणार काय तुमी?" तुम्ही म्हणालात, "बटाटा असतो की." ती म्हणाली, "माळ संभाळा. बाकी मी बगते." एवढ्यावर तुमचं जाणं ठरलं. मला वाटतं आमच्या घरातली सगळी मोठी कामं अशी दोन-तीन वाक्यांत उरकली गेली, आणि मग त्यांच्यावर विचार करायला आम्हाला सगळं आयुष्य मिळालं.

तुमची पत्रं मी आईला वाचून दाखवायची. तुम्ही लिहायचात की इथे दारूला बियर म्हणत नाहीत, एल म्हणतात. सातू भिजवून मोड आणतात, भाजतात, मग तांब्याच्या भल्यामोठ्या हंड्यात उकळतात, आणि त्या दिवशी सगळ्या गावाला भाजलेल्या पिठाचा वास सुटतो, आपल्याकडे नाचणी भाजताना येतो तसा. उरलेला चोथा शेतकरी गाईंसाठी घेऊन जातात, त्यामुळे इथल्या गाई आपल्यापेक्षा सुखी आहेत. एलच्या जातींना शिलिंगांची नावं, साठ शिलिंगची, ऐंशी शिलिंगची. कधीकाळी पिंपाचा तो भाव होता, भाव केव्हाच बदलला, नाव तेच राहिलं. आई यावर हसली होती. "म्हंजी दोन पैशांचा चहा आन्यानं इकायचा आणि दोन पैशांचाच म्हनायचा," असं ती शेजारणीला सांगत होती. तुम्ही लिहायचात की पिंपाला खिळा नाही, सरस नाही. ओकच्या फळ्या आगीवर वाकवून एकमेकींना भिडवायच्या, सांध्यात सुका लव्हाळा घालायचा, वरून लोखंडी कडी ठोकायची. खाडीकाठचा आपला लव्हाळा इथे कामाला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं, असंही तुम्ही लिहिलं होतंत. आणि दर पत्रात एक ओळ आईसाठी असायची. कारखान्यात प्रत्येक कामगाराला रोज ठरलेली एल फुकट मिळते, माझ्या वाट्याची मी आमच्या म्हाताऱ्या उस्तादाला देतो, त्यामुळे तो माझ्यावर खूश आहे. ही ओळ आई मला पुन्हा वाचायला लावायची. मग ती पत्र देवाच्या कोनाड्यात ठेवायची.

तुम्ही परत आलात त्या दिवशी आईने पायरीवर पाणी आणि भाकरतुकडा तयार ठेवला होता. तेव्हा मी सातवीत होते. मोटार नाक्यावर थांबली, तुम्ही लोकरीचा कोट हातावर टाकून आळीत शिरलात, पोरं मागे, शेजारी ओट्यांवर. तुम्ही गोरे झाला होतात, थोडे वाकलाही होतात. आईने भाकरतुकडा ओवाळला आणि टाकण्यासाठी हात मागे नेला, तो तसाच राहिला. तुमच्या शर्टाची वरची गुंडी उघडी होती आणि गळा मोकळा होता. मग आईने तुकडा टाकला, तुमच्या पायांवर पाणी घातलं, घरात घेतलं. सगळे गेल्यावर तुम्ही खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे ठेवलात. गाठ सोडली तर आत माळ होती. तुटली नव्हती, एक मणीसुद्धा कमी नव्हता.

मग तुम्ही सांगितलंत ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, कारण सुरुवातीला ते फार गमतीचं होतं. तिकडे पिंप घडवणाऱ्यांची एक रीत आहे. मुलगा काम शिकून तयार झाला की त्याने स्वतः एक पिंप करायचं. ते गरम असतानाच बाकीचे त्याला उचलून त्यात कोंबतात, अंगावर काजळी, भुसा, लाकडाचे कपटे आणि एलचा गाळ ओततात, आणि पिंप आडवं करून सगळ्या अंगणात गडगडत नेतात. त्यातून बाहेर आला की तो त्यांच्यातला. त्याशिवाय त्याला कुणी कारागीर म्हणत नाही. तुम्ही तिथे कितीतरी दिवस काम करत होतात, पण ती माणसं तुम्हाला सुतारच म्हणायची. "हे पोर म्हणजे वीस वर्षांचं असतं, आणि मी हा घोडा," असं म्हणून तुम्ही हसलात. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली, आणि मी तर विचारलं, "आबा, तुम्ही मावलात पिंपात?" तुम्ही म्हणालात, मावलो, गुडघे कानाला लागले होते. मग बाहेर काढल्यावर उस्तादाने एक तांब्याचा मग आणला. ती साधी एल नसते. जुनी, घट्ट, वर्षभर ओकच्या पिंपात ठेवलेली, अशा दिवसासाठीच राखलेली. दोघांनी हात धरले, एकाने जबडा, आणि ती तुमच्या तोंडात ओतली. इथे आई हसायची थांबली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "म्हंजी जबरदस्तीनं ना? मंग त्यात काय. बुवांना सांगू. नवी माळ घालतील." तुम्ही माळ पुन्हा रुमालात बांधून ठेवलीत. ती त्या रात्री नीट जेवली. तुमचं जेवण झाल्यावर तुमच्याच ताटात तिने स्वतःला वाढून घेतलं, नेहमीसारखं.

बुवा भला माणूस होता, हे मी आज इतक्या वर्षांनीही म्हणेन. त्या वेळी सरकारची दारूबंदी नवी होती. गावात रोज कुणाच्या तरी घरी झडती, खाडीकाठी हातभट्ट्या फुटत होत्या, आणि तुम्ही विलायतेच्या दारूच्या कारखान्यातून आलेले. आळीत कुजबुज सुरू झाली होती. बुवांनी ती थांबवायची म्हणून मुद्दाम एकादशीला, मारुतीच्या देवळात, मंडळी जमल्यावर तुम्हाला पुढे बसवलं. ताटात नवी माळ होती. आई बायकांत बसली होती, नवं लुगडं नेसून, आणि मी तिच्या मांडीला टेकून. बुवा म्हणाले, "घडलं ते अजाणता घडलं. परमुलखात चार जणांनी धरून तोंडात ओतलं त्याला माणूस काय करणार? तुम्ही फक्त एवढं म्हणा, की मनाविरुद्ध झालं." तुम्ही मान खाली घालून बसला होतात. मला वाटलं तुम्हाला रडू येतंय. मग तुम्ही म्हणालात, "पहिला घोट त्यांनी ओतला, बुवा. दुसरा मी मागून घेतला."

देवळात कुणीतरी खोकलं. बुवांनी ताट थोडं मागे घेतलं, आणि मग अगदी हळू, समजुतीच्या सुरात म्हणाले, "मागून घेतला म्हणजे तहान लागली असेल, घशात काजळी गेली असेल." ते तुम्हाला वाट काढून देत होते, आबा. सगळ्यांना ते कळत होतं. तुम्ही नुसती मान हलवली असतीत तरी चाललं असतं. तुम्ही म्हणालात, "नाय. आवडली म्हणून." आणि पुढे, "ती काळी असते, बुवा, पण..." एवढ्यात आई उठली. ती माझा हात धरून देवळातून बाहेर पडली. घरी येऊन तिने मोरीतून तुमचं ताट आणलं, राखेने घासलं, भिंतीला उभं करून ठेवलं, आणि फळीवरून स्वतःसाठी दुसरं काढलं.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. आई तुमचं सगळं करायची. गरम पाणी, वेळेवर भाकरी, धुतलेलं धोतर, आजारपणात पायाला तेल. फक्त तुमच्या ताटात जेवायची नाही. तुमचं ताट वेगळं घासायची, वेगळं ठेवायची. बाहेरच्या माणसाला त्यात काहीच दिसलं नसतं. तुम्हाला दिसायचं. जेवून उठताना तुम्ही ताटात भाताचा एक घास आणि थोडी भाजी ठेवायचात, पहिल्यापासूनच्या सवयीप्रमाणे, तिच्यासाठी. ती तो घास उचलून गाईला घालायची. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा ठेवायचात. मी शाळेतून येऊन हे पाहायची आणि मला तुम्हा दोघांचा इतका संताप यायचा की वाटायचं ताट खिडकीतून फेकून द्यावं.

पुढे शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायच्या आधी मी एकदा तुम्हाला विचारलंच. तुम्ही अंगणात चाक जुळवत होतात. मी म्हटलं, "एक शब्द खोटा बोलला असतात तर काय बिघडलं असतं? तहान लागली होती म्हणायचं. बुवा तुम्हाला शब्द तोंडात देत होते." तुम्ही वाकस खाली ठेवलात. तुम्ही माझ्यावर कधी चिडायचा नाहीत, त्या दिवशी चिडलात. "तू शाळेत जाऊन पोरांना काय शिकवणार हायस गो?" असं म्हणालात. मग चाकाच्या आऱ्यावर हात ठेवून म्हणालात, "तुझ्या आईनं मावरं सोडलं ते खरं सोडलं. मी रोज बघतोय. तिच्या म्होरं मी खोटी माळ घालून जेवायला बसू?" मी हे जसंच्या तसं आईला जाऊन सांगितलं. मला वाटलं आता सुटेल हा गुंता. आई चुलीतलं लाकूड मागे ओढून म्हणाली, "खोटी माळ घातली नाय ते बराबर केलं. पन मंग मी काय करू? मला काय मावरं आवडत नव्हतं? मी कुणाकडं मागितला का दुसरा घास?" दोघांचंही म्हणणं खरं होतं, त्यामुळे मी कुणाचीच बाजू घेऊ शकले नाही आणि ट्रेनिंगला निघून गेले.

सुट्टीत आले तेव्हा स्वयंपाकघरात एक पिंप उभं होतं. फणसाच्या लाकडाचं, कमरेएवढं, खाडीवरून आणलेला लव्हाळा सांध्यांत घालून तुम्ही आईसाठी तांदूळ ठेवायला केलेलं. मी इतकी देखणी वस्तू आमच्या घरात दुसरी पाहिली नाही. हात फिरवला तर सांधा लागत नव्हता. आईने ते नाकारलं नाही, पण त्यात तांदूळही भरले नाहीत. म्हणाली, देवाच्या नैवेद्याचे तांदूळ हायत, दारूच्या पिंपावाणी दिसतं त्यात नको. तुम्ही म्हणालात, बरं, मग पाणी तरी भरून ठेव, पिंप रिकामं ठेवू नये, सुकलं की सुटतं. तिने पाणीही भरलं नाही. रोज फडक्याने पुसायची तेवढी. मग एका वैशाखात, भर दुपारी, आम्ही दोघी ओटीवर असताना आत मोठा आवाज झाला. जाऊन बघतो तर कडी खाली घसरलेली आणि सगळ्या फळ्या जमिनीवर पसरलेल्या. तुम्ही अंगणातून धावत आलात. आई घाबरून म्हणाली, "मी हात पन नाय लावला हो." तुम्ही म्हणालात, "म्हणून तर सुटलं." तुमचा आवाज रागाचा नव्हता. तुम्ही वाकून एकेक फळी गोळा करत राहिलात, आई दाराला धरून उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला वाटलं, आज रात्री नक्की. रात्री तिने तुम्हाला वाढलं, तुम्ही घास ठेवलात, आणि ती ताट घेऊन गोठ्याकडे गेली.

तुमचं काम त्यानंतर संपतच गेलं. ट्रक आले, बैलगाड्यांनाही रबरी टायर लागले, आणि चाकं न्यायला घाटावरून येणारी माणसं यायची बंद झाली. आळीतला वाकसाचा आवाज एकेका घरातून गेला. तुम्ही खाटा केल्यात, दारं केलीत, शाळेची बाकं केलीत, आणि म्हणायचात, सगळं चौकोनी झालंय आता. तिकडेही लाकडी पिंपं बंद होत चालली होती, त्या म्हाताऱ्या उस्तादाचं तसं पत्र आलं होतं. दोन्ही कामं तुमच्या एकाच्या हातात होती आणि दोन्ही तुमच्या डोळ्यांदेखत गेली, याचं दुःख तुम्ही कुणाला सांगितलंत मला माहीत नाही. आम्हाला सांगितलं नाहीत. पनवेलला आगगाडी आली तेव्हा मी तुम्हाला म्हटलं होतं, चला, बघून येऊ. तुम्ही म्हणालात, लोखंडाची चाकं काय बघायची.

शेवटी तुमची छाती भरली. आई रात्रंदिवस उशाशी होती. तुम्हाला गिळवत नव्हतं, ती चमच्याने पेज भरवायची, तोंड पुसायची, पुन्हा भरवायची. वाटीत उरलेली पेज मात्र बाहेर जायची. तुम्ही तेही बघत होतात. तुम्ही गेलात त्या सकाळी तिने तुमच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं आणि असा हंबरडा फोडला की मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. तेरा दिवस झाले, पाहुणे गेले, आणि चौदाव्या दिवशी दुपारी तिने भिंतीला उभं असलेलं तुमचं ताट घेतलं, पुसलं आणि त्यात स्वतःला वाढून घेतलं. मी बघत राहिले. ती म्हणाली, "बगतेस काय? वरन वाढ." तेव्हापासून ती मरेपर्यंत, म्हणजे वीसेक वर्षं, त्याच ताटात जेवली. तुम्ही असताना एक दिवस जेवली असती तर काय झालं असतं, हे मी तिला विचारलं नाही. माझी छाती झाली नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. आई गेली त्या वर्षी ती माझ्याकडे होती. गळ्यातली माळ तशीच, डोळ्यांना कमी दिसत होतं, पण डोकं शाबूत. एक दिवस मी तिच्या केसांना तेल लावत होते तर ती म्हणाली, "कशी असंल गो ती?" मी म्हटलं, कोण? म्हणाली, "ती. तुज्या आबाची. काळी असते म्हनाले होते." मी तेलाची वाटी खाली ठेवली. ती म्हणाली, "येवडा जन्म मी त्याच्या ताटात जेवले नाय, पन मानूस नाय आवडली असं काय बोलला नाय. म्हंजी कायतरी असंलच ना तिच्यात. मी उठून आले. पुरं बोलू दिलं असतं तर कळलं असतं." मग थोड्या वेळाने, अगदी सहज, "मी इचारायला पायजे होतं."

मी तिला म्हटलं, गोड असेल, आई, भाजलेल्या पिठासारखी. हे मी तुमच्या पत्रांतल्या वासावरून जुळवलेलं होतं. मला काहीच माहीत नव्हतं, आणि तिलाही ते कळलं, कारण ती म्हणाली, "तू गप." तिला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

परवा मी फोन ठेवण्याआधी मुलाने विचारलं होतं, आई, मी ती जुनी एल पिऊन पाहिली, सांगू का कशी होती? मी नको म्हटलं. राग फुलझाडांचा नव्हता, आबा. त्याच्याकडून मला ऐकायचं नव्हतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला ठाऊक आहे, पत्ता असता तरी तुम्ही उत्तर लिहिलं असतंत की नाही शंकाच आहे. तुम्ही हौसेने काहीतरी सांगायला लागला होतात, देवळात, चारचौघांत, अर्धं वाक्य बोलूनही झालं होतं. मग तुम्ही इतकी वर्षं आमच्यात राहिलात, आणि बुवांनी, आईने, मी, आम्ही सगळ्यांनी तुम्हाला एकच विचारलं, की का प्यायलात. ती कशी लागली, हे मीसुद्धा तुम्हाला कधी विचारलं नाही.